कंठाचा रंग, पंखांचा स्वर

१

मराठीत ‘ओळखणे’ या क्रियापदाचे दोन अर्थ आहेत आणि ते एकमेकांशेजारी इतके सहज नांदतात की त्यांच्यातील अंतर सहसा जाणवत नाही. ‘मी त्याला ओळखले’ असे म्हणताना काही खुणांवरून तो कोण हे मला कळले, एवढेच सांगायचे असते. ‘मी त्याला ओळखतो’ असे म्हणताना मात्र परिचय, सहवास, काही काळ बरोबर घालवल्याची साक्ष अभिप्रेत असते. पहिल्या अर्थाने ओळखणे क्षणात घडते आणि बहुधा एका नावापाशी येऊन थांबते. दुसऱ्या अर्थाने ओळखायला वेळ द्यावा लागतो आणि ते कधीच पुरते संपत नाही. खुणांवरून एखाद्याला नाव देणे ही केवळ ज्ञानाची कृती आहे, की तिला नीतीचीही बाजू आहे, हा प्रश्न या दोन अर्थांमधील अंतरातून निर्माण होतो. चुकीचे ओळखणे ही निव्वळ चूक असते, की काही प्रसंगी तो अन्यायही असू शकतो?

या प्रश्नाचा विचार माणसांपासून सुरू केला तर आपले पूर्वग्रह लगेच आड येतात. म्हणून प्रस्तुत लेखात मी एका पक्ष्याचा आधार घेणार आहे. हमिंगबर्ड हा पक्षी केवळ अमेरिका खंडांत आढळतो. उत्तरेस अलास्कापासून दक्षिणेस तिएरा देल फ्यूगोपर्यंत त्याचा संचार आहे. त्याच्या ३५०हून अधिक जाती आज मानल्या जातात आणि त्यांची सर्वाधिक विविधता विषुववृत्ताजवळच्या अँडीज पर्वतराजीत आढळते. भारतात हा पक्षी नाही. आपल्या बागांतून जास्वंदीवर येणाऱ्या चमकदार शिंजिराला पुष्कळजण ‘हमिंगबर्ड’ म्हणतात, ती ओळख चुकीची आहे. शिंजीर बहुधा फांदीला धरून मध पितो, तर हमिंगबर्ड हवेत एका जागी स्थिर राहून. कुळाच्या दृष्टीने हमिंगबर्ड शिंजिराचा नव्हे, पाकोळीचा नातलग आहे. सारख्या आहारामुळे दोन दूरच्या कुळांना सारखे रूप आले आणि त्या रूपाने आपल्याला फसवले. रूपावरून कुळ सांगू नये, हा पहिला धडा आपल्याला परसातच मिळतो.

एक कबुली आरंभीच द्यावयास हवी. प्रस्तुत लेखकाने शिंजीर पाहिला आहे. हमिंगबर्ड पाहिलेला नाही. माझे त्याच्याविषयीचे ज्ञान ग्रंथांतून आणि शोधनिबंधांतून आलेले आहे. या कबुलीचे महत्त्व पुढे ओघाने स्पष्ट होईल.

२

हमिंगबर्डच्या जाती ओळखण्याची सर्वांत प्रसिद्ध खूण म्हणजे नराच्या कंठाचा रंग. उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागातील एका जातीचे इंग्रजी नाव ‘रूबी-थ्रोटेड’, म्हणजे माणिककंठी असे आहे. कॅलिफोर्नियातील अ‍ॅनाच्या हमिंगबर्डचा कंठ आणि माथा दोन्ही गुलाबी-तांबडे. काळ्या हनुवटीच्या जातीत काळ्या कंठाच्या तळाशी एक जांभळी पट्टी असते. पुस्तकातील चित्रांत हे सारे स्वच्छ दिसते. प्रत्यक्षात मात्र पक्षी मान किंचित वळवतो आणि माणकासारखा झळाळणारा कंठ एकाएकी कोळशासारखा काळा होतो. ती जांभळी पट्टी तर कित्येकदा अजिबात दिसत नाही. आणि न दिसताच पक्षी उडून जातो.

याचे कारण असे की हा रंग रंगद्रव्याचा नाही. पिसाच्या अतिसूक्ष्म तंतूंमध्ये मेलॅनिनच्या चपट्या चकत्या थरांवर थर रचलेल्या असतात आणि त्या चकत्यांच्या आत हवेचे सूक्ष्म बुडबुडे असतात. मेलॅनिन स्वतः काळपट तपकिरी. परंतु या थरांवरून परतणाऱ्या प्रकाशलहरी एकमेकींत मिसळतात, काही प्रबळ होतात, काही विझतात, आणि जे उरते ते आपल्याला तांबडे, जांभळे किंवा पाचूसारखे हिरवे दिसते. क्रॉफर्ड ग्रीनवॉल्ट हे व्यवसायाने रसायन-अभियंते आणि एका मोठ्या रासायनिक उद्योगाचे प्रमुख. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० मध्ये या रचनेचे सविस्तर विवेचन केले. कंठाच्या पिसांचे तंतू सपाट आरशासारखे असतात आणि एकाच दिशेला प्रकाश परतवतात. पाठीवरच्या पिसांचे तंतू वक्र असल्यामुळे पाठीचा हिरवा रंग बहुतेक सर्व दिशांनी दिसतो. पाठ सर्वांसाठी असते, कंठ समोर असणाऱ्यासाठी. मोराच्या पिसाबाबत या प्रकारचा विचार त्याच्या कितीतरी आधी सुरू झाला होता. रॉबर्ट हूकने १६६५ मध्ये नोंदवले होते की मोराचे पीस पाण्यात भिजवले की त्याचे रंग नाहीसे होतात. १७०४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रकाशविषयक ग्रंथात न्यूटननेही या रंगांचा संबंध पिसाच्या पातळ भागांशी जोडला होता.

मग हा रंग कोणाचा? न्याय-वैशेषिक परंपरेत ‘रूप’ हा द्रव्याच्या आश्रयाने राहणारा आणि केवळ डोळ्यांनी ग्रहण होणारा गुण मानला आहे. अन्नंभट्टाच्या ‘तर्कसंग्रहा’त रूपाचे सात प्रकार सांगितले आहेत आणि त्यांत ‘चित्र’ या मिश्र रूपाचाही समावेश आहे. पण चित्र रूपातदेखील अनेक रंग एकाच वेळी वस्तूवर असतात; पाहणारा हलला म्हणून ते जात नाहीत. हमिंगबर्डच्या कंठाचा तांबडा रंग मात्र पिसात शोधायला गेले तर सापडत नाही. तेथे सापडतो काळा. दुसऱ्या टोकाला जॉन लॉकने १६९० च्या आपल्या ग्रंथात रंगाला दुय्यम गुण ठरवून त्याची जागा जवळजवळ पाहणाऱ्याच्या मनात नेऊन ठेवली. पण कंठाचा रंग केवळ मनाचाही म्हणता येत नाही, कारण त्या चकत्यांची जाडी ही पिसातली खरीखुरी, मोजता येणारी गोष्ट आहे. तात्पर्य, हा रंग पक्ष्यात नाही आणि पाहणाऱ्यातही नाही. सूर्य, पीस आणि डोळा हे तिघे एका विशिष्ट कोनात आले की तो घडतो. तो गुणापेक्षा घटनेच्या जवळचा आहे.

यात आणखी एक गाठ आहे. माणसाच्या डोळ्यात रंगग्रहण करणाऱ्या पेशींचे तीन प्रकार असतात. पक्ष्यांच्या डोळ्यात चार, आणि त्यामुळे त्यांना अतिनील किरणही दिसतात. मेरी कॅसवेल स्टॉडर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत कोलोराडोतील रुंद शेपटीच्या हमिंगबर्डनी, आपल्याला निव्वळ हिरवा दिसणारा प्रकाश आणि अतिनील मिसळलेला हिरवा प्रकाश यांतील फरक बिनचूक ओळखला. म्हणजे ज्या रंगाला आपण ‘माणिक’ म्हणतो, तो ज्या मादीसाठी उमटतो तिला तसा दिसतच नसावा. आपण दिलेले रंगनाम हे फार तर एक भाषांतर आहे. आणि मूळ संहिता आपल्याला वाचता येत नाही.

३

भारतीय तर्कशास्त्राने लक्षणाचे तीन दोष सांगितले आहेत : अव्याप्ती, अतिव्याप्ती आणि असंभव. लक्ष्याच्या काही भागाला लक्षण लागू न पडणे ही अव्याप्ती. लक्ष्याबाहेरच्यालाही लागू पडणे ही अतिव्याप्ती. कोठेच लागू न पडणे हा असंभव. अव्याप्तीचे नेहमीचे उदाहरण रंगाचेच आहे, हा योगायोग अर्थपूर्ण वाटतो. गाय म्हणजे कपिल वर्णाची, असे लक्षण केले तर पांढऱ्या आणि काळ्या गाई गाईंमधून बाहेर पडतात.

कंठाच्या रंगावरून केलेली हमिंगबर्डची लक्षणे पाहिली तर त्यांत ही अव्याप्ती ठळकपणे दिसते. बऱ्याच जातींत झळाळता कंठ नराचाच असतो; मादी वरून हिरवी, खालून फिकट. माणिककंठी जातीच्या मादीला माणिककंठ नाही. जातीला नाव मिळाले ते तिच्या अर्ध्या सभासदांवरून आणि उरलेला अर्धा भाग त्या नावाखाली निमूटपणे उभा आहे. माणिककंठी मादी आणि काळ्या हनुवटीच्या जातीची मादी शेजारी बसल्या तर पंखांच्या टोकाच्या पिसांचा आकार निरखून पाहिल्याशिवाय अनुभवी निरीक्षकालाही निर्णय देता येत नाही.

अतिव्याप्तीचे उदाहरण पनामातून मिळते. पांढऱ्या मानेच्या जॅकोबिन जातीत निळे डोके आणि मानेवरचा शुभ्र पट्टा ही नराची खूण समजली जात असे. जे फाल्क आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये दाखवून दिले की त्या जातीतील सुमारे २० टक्के प्रौढ माद्या हुबेहूब नराच्या वेषात असतात. शिवाय सर्व पिल्ले प्रथम याच वेषात वाढतात. पुढे बहुसंख्य माद्या तो टाकतात, काही टाकत नाहीत. नरासारख्या दिसणाऱ्या मादीला खाद्याच्या ठिकाणी त्रास कमी होतो, असेही या अभ्यासात आढळले. ज्या पिसाऱ्यावरून आपण ‘नर’ असे निःशंकपणे लिहीत होतो, तो पिसारा कित्येकदा एका मादीने आपल्या रक्षणासाठी राखलेला होता.

आणि जेथे दोन्ही दोष एकत्र येतात तेथे निर्णय जवळजवळ अशक्य होतो. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर रूफस आणि ॲलनचा अशा दोन जाती आहेत. सामान्यतः रूफस नराची पाठ तांबूस, ॲलनच्या नराची हिरवी. पण काही रूफस नरांची पाठही हिरवी असते. माद्या आणि कोवळे पक्षी तर शेपटीचे एखादे पीस पसरलेले दिसल्यावाचून वेगळे करता येत नाहीत. शिवाय दक्षिण ओरेगॉन आणि उत्तर कॅलिफोर्नियात या दोन जातींचा संकर होतो, हे २०१९ च्या संशोधनाने दाखवले. तेथे ‘हा यांपैकी कोण?’ या प्रश्नाला ‘दोघांचाही’ हेच काही वेळा खरे उत्तर असते.

४

रंग फसवतो तर आवाजाकडे वळावे, असे कोणालाही वाटेल. या पक्ष्याचे इंग्रजी नावच त्याच्या गुणगुणण्यावरून पडले आहे. स्पॅनिश बोलणारे त्याला ‘पिकाफ्लोर’, म्हणजे फुले टोचणारा म्हणतात आणि पोर्तुगीज बोलणारे ‘बेजा-फ्लोर’, म्हणजे फुलांचे चुंबन घेणारा. एका भाषेने त्याचा आवाज ऐकला, दुसऱ्यांनी त्याची कृती पाहिली.

ती गुणगुण गळ्यातली नाही, पंखांची आहे. माणिककंठी जातीचे पंख सेकंदाला सुमारे ५० वेळा हलतात. अँडीजमधील महाकाय जातीचे त्यापेक्षा पुष्कळ सावकाश, आणि म्हणून तिचा आवाजही खालच्या पट्टीचा. रुंद शेपटीच्या जातीच्या प्रौढ नराच्या पंखांतील टोकाची पिसे निमुळती असतात आणि उडताना त्यांतून धातूच्या बारीक घुंगरासारखी शीळ निघते. तो डोळ्यांना दिसण्यापूर्वीच कानांना कळतो. मिलर आणि इनूये यांनी १९८३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात काही नरांची ही शीळ बंद केली, तेव्हा ते कमी आक्रमक झाले आणि आपली हद्द गमावून बसले. ही शीळ आपल्याला ओळखण्याची सोय वाटते. त्याच्या दृष्टीने ती जागेवरचा हक्क आहे.

अ‍ॅनाच्या हमिंगबर्डची कथा अधिक बोधक आहे. प्रणयकाळात नर सुमारे ३० मीटर उंच जाऊन खाली झेपावतो आणि झेपेच्या तळाशी एक तीव्र चीत्कार ऐकू येतो. तो कंठातून येतो की पिसांतून, याविषयी जाणकारांत दीर्घकाळ मतभेद होते. ख्रिस्तोफर क्लार्क आणि तेरेसा फिओ यांनी २००८ मध्ये याचा उलगडा केला. शेपटीच्या कडेची पिसे काढली किंवा कातरली की तो आवाज नाहीसा होत असे. आणि तेच पीस प्रयोगशाळेत वेगवान हवेच्या झोतात धरले की तोच सूर निघत असे. पुष्कळांनी ज्याला पक्ष्याचा कंठस्वर मानले होते ते त्याच्या शेपटीचे वाद्य होते. ऐकण्यात चूक नव्हती. ‘आवाज म्हणजे कंठ’ हे आपले गृहीतक चुकले होते.

जेथे आवाज खरोखर कंठातला असतो तेथेही तो जातीची कायमची मुद्रा नसतो. पक्ष्यांमध्ये स्वर शिकण्याची क्षमता तीनच गटांत प्रामुख्याने सिद्ध झाली आहे : गाणारे पक्षी, पोपट आणि हमिंगबर्ड. अ‍ॅनाच्या जातीत गाणे शिकावे लागते, हे बाप्टिस्टा आणि शूखमन यांनी १९९० मध्ये दाखवले. त्रिनिदादमध्ये छोट्या हर्मिट जातीचे नर ठरलेल्या जागी जमून दिवसभर गातात. डेव्हिड स्नो यांनी १९६८ मध्ये या संमेलनांचे वर्णन केले, आणि शेजारशेजारच्या गटांची गाणी वेगळी असतात हेही नोंदले गेले. जात एक, बोली अनेक. केवळ गाण्यावर विसंबणाऱ्याने अशा दोन गटांना दोन जाती मानले असते.

कानालाही स्वतःची मर्यादा असते. ब्राझीलमधील काळ्या जॅकोबिनचे स्वर १० किलोहर्ट्झच्या वर जातात, असे २०१८ मध्ये नोंदवले गेले. इतके उंच स्वर वाढत्या वयात माणसाच्या कानातून सर्वांत आधी जातात. तरुण निरीक्षकाला जेथे पक्षी गाताना ऐकू येतो तेथे माझ्या वयाच्या माणसाला पुष्कळदा चोच उघडलेली दिसेल आणि शांतता ऐकू येईल. त्या शांततेवरून ‘हा मुका आहे’ असा निष्कर्ष मी काढला तर तो पक्ष्याविषयी काही सांगणार नाही. माझ्या कानाविषयी सांगेल.

रंग आणि आवाज हे वेगळे पुरावेही नाहीत. रुंद शेपटीच्या नराची झेप होगन आणि स्टॉडर्ड यांनी २०१८ मध्ये बारकाईने मोजली. वेगाचा कळस, शेपटीचा आवाज आणि मादीच्या दिशेने कंठाची चमक हे सारे सुमारे ३०० मिलिसेकंदांत एकवटते आणि मादीला दिसणारा झगझगीत तांबडा कंठ पाहता पाहता काळवंडतो. हे सर्व एका ठरावीक जागी बसलेल्या मादीसाठी असते. आपण कडेला उभे असतो आणि दुसऱ्याला उद्देशून लिहिलेल्या पत्रातून लेखकाचे नाव शोधत असतो.

५

आता या ज्ञानाच्या इतिहासाकडे वळले पाहिजे, कारण नीतीचा प्रश्न तेथे उघडपणे उभा राहतो. एकोणिसाव्या शतकात हमिंगबर्डविषयी सर्वांत मोठे काम केले ते इंग्लंडच्या जॉन गोल्ड यांनी. १८४९ ते १८६१ या काळात प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथात ३६० रंगीत चित्रे आहेत. कंठाची झळाळी कागदावर आणण्यासाठी सोन्याच्या वर्खावर पारदर्शक रंग चढवण्याची पद्धत वापरली गेली. १८५१ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात गोल्ड यांनी आपल्या संग्रहातील हमिंगबर्ड काचेच्या पेट्यांत मांडले आणि हजारो लोकांनी पैसे देऊन ते पाहिले. गोल्ड यांनी स्वतः मात्र जिवंत हमिंगबर्ड प्रथम पाहिला तो १८५७ मध्ये, फिलाडेल्फियाच्या एका उद्यानात. तोवर ग्रंथाचे काम आठ वर्षे चालू होते. पेट्यांतले पक्षी मृत होते; कातड्यात भुसा भरलेले.

मृत पक्ष्यावरून रंगाचे एवढे ज्ञान कसे मिळू शकले, याचे उत्तर वर आलेच आहे. हा रंग रचनेचा असल्यामुळे पिसाची रचना शाबूत असेतो तो टिकतो. शंभर वर्षे खणात पडलेले कातडे दिव्याखाली धरले तर आजही झळाळते. आवाज मात्र टिकत नाही. पंख थांबले की गुणगुण थांबते, झेप थांबली की शेपटीचा सूर थांबतो. मृत्यूने रंग मागे ठेवला आणि स्वर नेला. म्हणून त्या शतकाचे ज्ञान हे प्रामुख्याने स्वराविना रंगाचे ज्ञान झाले. त्याच खुणेने बाजारही भरला. युरोपातील स्त्रियांच्या टोप्या आणि दागिने सजवण्यासाठी हमिंगबर्डची कातडी हजारोंनी लंडनच्या लिलावांत विकली जात. रंग ओळखणारा अभ्यासक आणि रंग विकणारा व्यापारी यांचे हेतू वेगळे होते. दोघांचा माल पुष्कळदा एकाच वाटेने येत होता.

या पद्धतीने काय घडू शकते, याचे एक उदाहरण सांगण्यासारखे आहे. १९०९ मध्ये कोलंबियातील बोगोटा येथे निसेफोरो मारिया या धर्मबंधूंनी एक गडद निळसर झाकीचे कातडे विकत घेतले. ते कोठे मारले गेले, कोणी मारले, याची नोंद नव्हती. तसा दुसरा पक्षी दीर्घकाळ सापडला नाही. १९९३ मध्ये गॅरी ग्रेव्ह्ज यांनी त्याचे बारकाईने वर्णन करून ती स्वतंत्र जात ठरवली. पुढे जनुकीय चाचणीने प्रथम या निर्णयाला दुजोरा दिला आणि नामशेष झालेल्या जातींच्या करुण यादीत आणखी एकीची भर पडल्यासारखे झाले. २०१८ मध्ये अधिक नमुन्यांशी तुलना केल्यावर मात्र तो लांब शेपटीच्या सिल्फ जातीच्या मादीपासून झालेला संकर असावा असा निष्कर्ष निघाला. ती जात कधी नव्हतीच. संशोधकांपैकी कोणीही अप्रामाणिक नव्हते. प्रत्येकाने हाताशी असलेल्या पुराव्याशी इमान राखले. उणीव होती ती पुराव्याच्या मुळाशी. तो पक्षी जिवंतपणी कोठे, कोणासमोर, कसा वावरत होता हे सांगणारे काही शिल्लक ठेवलेच नव्हते.

दुसऱ्या बाजूचे उदाहरणही दिले पाहिजे, नाहीतर ही मांडणी एकांगी होईल. महाकाय हमिंगबर्ड ही एकच जात आहे, असे दीर्घकाळ मानले जात होते. चिलीच्या किनाऱ्याजवळ वीण करणारे पक्षी नंतर कोठे जातात, हे कळत नव्हते. जेसी विल्यमसन आणि सहकाऱ्यांनी त्यांच्या अंगावर अतिशय हलकी नोंदयंत्रे बसवली आणि २०२४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. हे पक्षी ८,३०० किलोमीटरपर्यंतची जाण्यायेण्याची वाट करून पेरूच्या उंच पर्वतांत जातात आणि तेथे कायम राहणाऱ्या आपल्यासारख्याच पक्ष्यांत मिसळतात. जनुकांवरून मात्र हे दोन गट वीस लाखांहून अधिक वर्षांपूर्वी वेगळे झालेले आहेत. दिसण्यात इतके साम्य की दोहोंचे नमुने वस्तुसंग्रहालयांत एकाच नावाखाली ठेवलेले होते. त्या जुन्या कातड्यांचाही या शोधाला उपयोग झाला, हे नमूद केले पाहिजे. पण प्रश्न सुटला तो मुख्यतः पक्ष्याला त्याच्या वाटेने जाऊ देऊन.

६

रंग आणि आवाज या खुणा निरुपयोगी आहेत, असा या विवेचनाचा अर्थ कोणी घेऊ नये. अनुभवी निरीक्षक दररोज त्यांच्याच आधाराने शेकडो पक्षी बिनचूक ओळखतात. मुद्दा वेगळा आहे. या खुणा पक्ष्याच्या अंगावर चिकटवलेल्या पाट्या नाहीत. त्या पक्षी आणि पाहणारा यांच्या दरम्यान घडतात. त्यामुळे पाहणारा कोठे उभा होता, उजेड कोठून येत होता, त्याचा कान काय ऐकू शकत होता, तो किती वेळ थांबला, या गोष्टी ओळखीच्या बाहेरच्या नाहीत; त्या ओळखीचाच भाग आहेत. आणि म्हणूनच पाहणाऱ्याचा प्रामाणिकपणाही तिचा भाग होतो. ओळखण्याला नीतीची बाजू प्राप्त होते ती येथे.

पक्षीनिरीक्षकांमध्ये एक चांगली रीत आहे. रूफस की ॲलनचा हे ठरवता आले नाही तर वहीत दोन्ही नावे लिहून मध्ये तिरकी रेघ ओढायची. ती रेघ अज्ञानाची खूण मानली जात नाही. जेवढे दिसले तेवढेच मी लिहितो आहे, याची ती सही असते. खिशातल्या यंत्राने आवाज ऐकून क्षणात नाव सुचवण्याच्या आजच्या काळात या रेघेचे मोल वाढले आहे. यंत्र नाव सुचवते. ते नाव वहीत उतरवण्याची जबाबदारी उतरवणाऱ्याचीच राहते.

माणसांच्या बाबतीत ही तिरकी रेघ आपण ओढतो का? आपल्या समाजात कातडीच्या रंगावरून आणि बोलण्याच्या ढबीवरून माणूस ओळखण्याची सवय फार जुनी आहे. एखाद्या शब्दाच्या उच्चारावरून गाव, गावावरून आडनाव आणि आडनावावरून जात, ही साखळी अनोळखी माणसाशी बोलताना पहिल्या दोन मिनिटांत पुरी होते. तीत अव्याप्तीही असते आणि अतिव्याप्तीही. तरीही ‘मी त्याला ओळखले’ असे आपण समाधानाने म्हणतो. क्रियापदाचा पहिला अर्थ येथे दुसऱ्याची वाट अडवतो. नाव हाती आल्यामुळे परिचय करून घेण्याची गरजच उरत नाही.

समीक्षेच्या व्यवसायातही हे घडत आले आहे, आणि त्यात माझ्या पिढीचा वाटा आहे. लेखकाच्या बोलीवरून त्याला ‘ग्रामीण’ म्हणायचे, लेखिकेच्या विषयावरून तिला एका कप्प्यात ठेवायचे आणि नंतर त्या कप्प्याच्या लक्षणांनी तिचे पुस्तक तपासायचे, हे आम्ही पुष्कळ केले. मंचावर ऐकू येणाऱ्या उंच किंवा अपरिचित स्वराला ‘स्वर नाही’ म्हणून सोडून दिले, तेव्हा आपला कान तपासून पाहिला नाही. याउलट, १९५८ मध्ये मुंबईत पहिले दलित साहित्य संमेलन भरले तेव्हा एक नाव लेखकांनी स्वतः धारण केले होते. बाहेरून चिकटवलेली पाटी आणि स्वतः उच्चारलेले नाव, यांचे शब्द एकच असले तरी नैतिक वजन एक नसते.

पक्षी आणि माणूस यांच्यातील निर्णायक फरक मला येथे दिसतो. हमिंगबर्ड आपले नाव आपल्याला सांगू शकत नाही. त्याचा कंठ आणि त्याची शेपटी जे सांगतात ते आपल्यासाठी नसते. म्हणून त्याला नाव देण्याची सगळी जबाबदारी आपल्यावर पडते, आणि ती पार पाडण्यासाठी थांबणे, त्याला जिवंत राहू देणे आणि न कळल्यास रेघ ओढणे एवढेच आपल्या हाती असते. माणूस मात्र आपले नाव सांगू शकतो. त्याला विचारता येते. विचारणे शक्य असताना खुणांवरून ठरवून टाकणे, हे पक्ष्याच्या बाबतीत अशक्यतेपोटी घडते, माणसाच्या बाबतीत आळसापोटी किंवा अहंकारापोटी. पहिल्याला चूक म्हणता येईल. दुसऱ्याला अन्याय म्हणावे लागते.

आरंभी दिलेली कबुली आता पुन्हा आठवावी. ज्या पक्ष्याविषयी हा लेख लिहिला तो मी पाहिलेला नाही. इतरांनी धीराने केलेल्या निरीक्षणांवर मी विसंबलो आहे, आणि ‘ओळखणे’ या शब्दाच्या दुसऱ्या अर्थाने मी हमिंगबर्डला ओळखत नाही. गोल्ड यांनी फिलाडेल्फियाच्या त्या उद्यानात पहिला जिवंत पक्षी पाहिला तेव्हा त्यांच्या नावावर कित्येक जातींची वर्णने जमा होती. तरीही ते समुद्र ओलांडून गेले आणि फुलापाशी उभे राहिले. नावे हाताशी असताना पुन्हा पाहायला जाणे, हे मला त्यांच्या साऱ्या चित्रांइतकेच मोलाचे वाटते.